‘चांगले भारतीय जेवण’ : ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश स्थलांतरिताच्या रुचीची चिकित्सा

परदेशी राहणाऱ्या माणसाच्या जेवणाविषयीच्या तक्रारी सामान्यतः अभ्यासाचा विषय मानल्या जात नाहीत. त्या गप्पांत निघतात आणि गप्पांतच विरतात. तथापि काही तक्रारींच्या पोटात इतिहासाचा बराच मोठा भाग दडलेला असतो. इंग्लंडहून जाऊन ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या माणसाची ‘इथे चांगले भारतीय जेवण मिळत नाही’ ही तक्रार अशांपैकी एक होय. २०२१ च्या जनगणनेनुसार ऑस्ट्रेलियात इंग्लंडमध्ये जन्मलेले ९,२७,४९० आणि भारतात जन्मलेले ६,७३,३५२ लोक होते. परदेशात जन्मलेल्या रहिवाशांमध्ये हे तेव्हा अनुक्रमे पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाचे समूह ठरले होते. जेवणारा आहे, रांधणाराही आहे, आणि तरीही पहिल्याला दुसऱ्याच्या हातचे जेवण ‘भारतीय’ वाटत नाही. या विसंगतीचा उलगडा करू लागले की खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासातील काही मान्यताप्राप्त मांडण्या अपुऱ्या पडतात. त्या नेमक्या कोठे अपुऱ्या पडतात, हे पाहणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

आरंभीच एका शब्दाची दखल घेणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियात राहणारा इंग्रज स्वतःला पुष्कळदा ‘एक्सपॅट’ म्हणवतो. त्याच गल्लीत राहणारा पंजाबी मात्र ‘मायग्रंट’ असतो. दोघेही व्हिसा घेऊन आले, दोघांनीही नागरिकत्वाचे अर्ज भरले. शब्दांतील हा भेद केवळ सोयीचा नाही. जो स्थलांतरित नाही त्याला घराची आठवण येत असली तरी ती ‘सांस्कृतिक प्रश्न’ म्हणून नोंदवली जात नाही, आणि त्याची खाद्यरुची ही रुची न राहता निकष बनते. म्हणून प्रस्तुत लेखात त्याला सरळ स्थलांतरितच म्हटले आहे.

घासान हाज यांची मांडणी आणि तिची मर्यादा

ऑस्ट्रेलियातील परकीय खाद्यपदार्थांविषयीची सर्वाधिक चर्चिली गेलेली मांडणी मानववंशशास्त्रज्ञ घासान हाज यांची आहे. ‘अ‍ॅट होम इन द एन्ट्रेल्स ऑफ द वेस्ट’ (१९९७) या निबंधात त्यांनी सिडनीच्या पश्चिम उपनगरांतील लेबनीज स्थलांतरितांचा अभ्यास करून दोन गोष्टी वेगळ्या केल्या. स्थलांतरित माणूस ओळखीच्या चवीच्या, वासाच्या, दुकानाच्या आधारे परक्या भूमीत घर उभारतो, ही एक. शहरातील गोरा, सुशिक्षित, ‘विश्वनागरिक’ वर्ग तेच पदार्थ आपल्या अभिरुचीचे भूषण म्हणून खातो आणि त्याच्या बहुसंस्कृतिवादाला स्थलांतरित माणसाची फारशी गरज उरत नाही, ही दुसरी. पहिल्यासाठी अन्न हे घर आहे, दुसऱ्यासाठी अन्न हा अनुभवसंग्रह.

ही विभागणी भेदक आहे यात शंका नाही. परंतु ब्रिटिश स्थलांतरित तिच्यात बसत नाही. तो गोरा आहे, खाणारा आहे, पैसे मोजून वाढून घेणारा आहे. त्या अर्थाने तो हाज यांच्या दुसऱ्या गटातला. पण पर्थच्या एखाद्या उपनगरात बसून तो जेव्हा मद्रास करी, पुलाव आणि पेशावरी नानची आठवण काढतो, तेव्हा त्याला नवा अनुभव नको असतो. त्याला बर्मिंगहॅम किंवा लीड्सची शुक्रवारची रात्र हवी असते. म्हणजे तो घर उभारतो आहे, अगदी लेबनीज माणूस उभारतो तसेच. फरक इतकाच की लेबनीज माणूस आईच्या हातच्या चवीने घर उभारतो आणि इंग्रज माणूस दुसऱ्या कोणा स्थलांतरिताच्या हातच्या चवीने. हा दुसरा स्थलांतरित कोण, याची त्याला बहुधा कल्पना नसते. त्याने त्याला आयुष्यभर ‘इंडियन’ म्हटलेले असते.

‘इंडियन’ या नावामागील माणसे

लंडनमध्ये भारतीय पद्धतीचे उपाहारगृह प्रथम काढले ते पाटण्याच्या दीन महोमेद यांनी, १८१० साली. ते दोनच वर्षांत दिवाळखोरीत निघाले. १९२६ मध्ये रीजंट स्ट्रीटवर सुरू झालेले ‘वीरास्वामी’ आजही इतिहासात मानाने उल्लेखिले जाते. पण त्याचा गिऱ्हाईक भारतात नोकरी करून परतलेला उच्चवर्गीय होता. सामान्य इंग्रजाला ‘करी’ची सवय लावली ती सिल्हेटच्या माणसांनी. ब्रिटिश जहाजांच्या इंजिनघरात कोळसा ओढणारे सिल्हेटी खलाशी बंदरात उतरून मागे राहिले; त्यांपैकी काहींनी दुसऱ्या महायुद्धानंतर पडीक कॅफे आणि मासे-बटाट्याची दुकाने घेतली. प्रारंभी मासे-बटाटेही विकले जात आणि त्याच काउंटरवर करीही. पब बंद झाल्यावरही ही दुकाने उघडी असत, आणि तेथूनच उशिरा येणाऱ्या, बरेचदा मद्यधुंद गिऱ्हाइकाशी करी हाउसचे नाते जुळले.

त्यांनी स्वतःला ‘इंडियन’ का म्हटले, याविषयी आपल्याकडे काहीसा उपहास आढळतो. तो अनाठायी आहे. ही परंपरा सुरू झाली तेव्हा सिल्हेट हा ब्रिटिश हिंदुस्थानातील आसाम प्रांताचा जिल्हा होता. १९४७ च्या सार्वमतानंतर तो पूर्व पाकिस्तानात गेला आणि १९७१ मध्ये बांगलादेशात. माणसे तीच राहिली, गाव तेच राहिले. देशाचे नाव दोनदा बदलले. दुकानावरची पाटी मात्र गिऱ्हाइकाला समजणारी हवी होती. ‘ताजमहाल’ आणि ‘कोहिनूर’ ही नावे त्या गरजेतून आली.

गरजेपोटी पाटीवर एक नाव आणि स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला दुसरेच जेवण, ही करी हाउसची खरी रचना होती. सिल्हेटी घरांत मासा, सुकट, शातकोरा नावाच्या आंबट फळाची सालीसकट केलेली आमटी असे पदार्थ होतात. यांतील क्वचितच काही पदार्थयादीत आले. तेथे कोर्मा सौम्य, मद्रास तिखट, विंदालू अधिक तिखट आणि फाल सर्वांत जहाल, अशी एक शिडी तयार झाली. मद्रास हे शहर न राहता तिखटाचे माप बनले.

या शिडीवर मराठी व कोकणी वाचकाला ओळखीचे पुष्कळ काही सापडते, फक्त वेषांतर करून. विंदालू मूळचा पोर्तुगीजांकडून गोव्यात आलेला, सिर्का आणि लसणीत मुरवलेल्या डुकराच्या मांसाचा पदार्थ. करी हाउसमध्ये सिर्का मागे पडला, मिरची पुढे आली आणि नावातल्या ‘आलू’ ध्वनीमुळे की काय, बटाटाही शिरला. मुंबईच्या पारशी घरातले धनसाक तेथे आंबटगोड डाळीची एक करी झाले, पुष्कळदा अननसासह. कांदाभजी चेंडूसारखी गोल झाली, मात्र नाव ‘भाजी’ म्हणूनच टिकले. आणि वाळवलेला बोंबील तर ‘बॉम्बे डक’ या नावाने कित्येक वर्षे करीबरोबर कुस्करून खाल्ला जात असे. कोळीवाड्यातल्या बाईला हे सांगितले तर ती हसेल; पण बोंबलाने तेथे आपले काम चोख केले, हेही तितकेच खरे.

बंद दरवाजाचा परिणाम

अशी उपाहारगृहे ऑस्ट्रेलियात का झाली नाहीत, या प्रश्नाचे उत्तर रुचीत शोधण्यात अर्थ नाही. ते कायद्यात आहे. १९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांना ब्रिटनमध्ये येण्याचा हक्क होता. १९६२ च्या कायद्याने तो व्हाउचरपुरता आकुंचित केला, तरी त्याच काळात सिल्हेटी पुरुष मोठ्या संख्येने तेथे पोहोचले. ऑस्ट्रेलियात याच्या नेमके उलट घडत होते. १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्यापासून सुरू झालेले ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरण १९६६ मध्ये सैल झाले आणि १९७३ मध्ये संपुष्टात आले. दरम्यान १९४७ पासून ब्रिटिश प्रौढांना अवघ्या १० पौंडांत ऑस्ट्रेलियात नेणारी योजना चालू होती. ती १९८२ पर्यंत टिकली. थोडक्यात, ज्या दोन-अडीच दशकांत ब्रिटनमध्ये करी हाउस घडत होते, त्या दशकांत ऑस्ट्रेलियाने ती करी खाणाऱ्या देशातील माणसांना तिकीट दिले आणि रांधणाऱ्यांना दार लावले.

भारतीय तेथे मुळीच नव्हते असे नाही. उंटांचे काफिले हाकणारे, खेडोपाडी माल विकणारे फेरीवाले, न्यू साउथ वेल्समधील वूलगूल्गा येथे केळीच्या बागा उभारणारे शीख, ही परंपरा जुनी आहे. परंतु त्यांतून उपाहारगृहांची शृंखला निर्माण झाली नाही.

येथे एक सूक्ष्म बाब ध्यानात घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियाला ब्रिटिशांकडून करी मिळालीच होती, पण ती आधीच्या पिढीची. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून टास्मानियात आलेल्या जोसेफ कीन यांच्या नावाची करी पावडर अजूनही तेथील दुकानांत मिळते आणि होबार्टच्या वरच्या डोंगरउतारावर तिचे नाव मोठ्या अक्षरांत मांडलेले आहे. करी पावडर, मैद्याने दाट केलेला रस्सा, त्यात सॉसेज किंवा उरलेले मटण ही कंपनी सरकार व राणीच्या राज्यातील करी. करी हाउसची करी ही साम्राज्य संपल्यानंतरची. पहिली साहेबाने नेली, दुसरी खलाशाने. ऑस्ट्रेलियाकडे पहिली होती; दुसरी यायला खलाशाला दार उघडे हवे होते. ‘ब्रिटिशांची करी’ असा एकवचनी उल्लेख करणारे लेखन या दोहोंतील अंतर पुसून टाकते. लिझी कॉलिंगहॅम यांच्या ‘करी’ (२००५) या ग्रंथात दोन्हींचा इतिहास आहे; पण पदार्थांच्या प्रवासाच्या रसाळ कथनात कोणाला प्रवासाची मुभा होती हा प्रश्न मागे राहतो.

रश्श्यांचे दोन कुटुंब

कायद्यातील हा फरक ताटात कसा उतरतो, हे पाहण्यासाठी स्वयंपाकघरात शिरावे लागते. करी हाउसची सारी किमया एका पातळ रश्श्यात असते. पातेलेभर कांदा, आले, लसूण, हळद, तेल आणि थोड्या भाज्या तास-दीड तास शिजवून, वाटून तो तयार ठेवतात. मागणी आली की पसरट तव्यात तेल, आले-लसणाचे वाटण, मसाल्यांची मिश्र पूड व टोमॅटोची पेस्ट भडक आचेवर परततात आणि तो रस्सा पळीपळीने घालतात. प्रत्येक पळीबरोबर तो कडेला चिकटून किंचित करपतो, पुन्हा सुटतो. आधीच शिजवलेले कोंबडीचे तुकडे शेवटी पडतात. दहा मिनिटांच्या आत ताट बाहेर. कांद्याचा गोडवा, मसाल्याचा करपट वास आणि चकचकीत तेल या तिहींच्या मेळाला ब्रिटिश माणूस ‘भारतीय चव’ म्हणून ओळखतो. क्रिस ढिल्लन यांच्या ‘द करी सीक्रेट’ (१९८९) या पुस्तकाने ही रीत घरच्या स्वयंपाकासाठी उघड केली.

ऑस्ट्रेलियातील भारतीय उपाहारगृहे १९७३ नंतरच्या, आणि विशेषतः २००० नंतरच्या स्थलांतरातून वाढली. त्यांपैकी कित्येकांची पाकपद्धती भारतातील हॉटेलांच्या वळणाची आहे : टोमॅटो-लोण्याची मखनी ग्रेव्ही, काजूची पांढरी ग्रेव्ही, कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही. पुण्या-नाशकातील कोणत्याही ‘पंजाबी’ हॉटेलात हेच तीन डबे आढळतात. हा रस्सा दाट, साईचा, टोमॅटोच्या अंगाने जाणारा असतो. म्हणून तेथील यादीचा राजा बटर चिकन. तयार रस्सा दोन्हीकडे आहे, घाई दोन्हीकडे आहे. ताजेपणाचा वा अस्सलपणाचा दावा करण्यास कोणीच विशेष पात्र नाही. ती दोन भिन्न कुटुंबे आहेत. इंग्रज माणूस एका कुटुंबातील नातलग दुसऱ्या कुटुंबात शोधतो आणि न सापडल्यास त्या घरालाच वाईट ठरवतो.

त्याच्या जिभेचे मात्र चुकलेले नाही, हे आवर्जून नोंदवावे लागेल. त्याला फरक कळतो, अचूक कळतो. चुकते ते नाव. ‘इथे सिल्हेटी माणसांनी इंग्लंडात घडवलेली करी मिळत नाही’ असे तो म्हणाला असता तर ते विधान निर्विवाद ठरले असते. आणि या ठिकाणी भारतीय समीक्षकांचीही एक सवय तपासून पाहण्याजोगी आहे. ‘चिकन टिक्का मसाला हे काही खरे भारतीय नव्हे’ असे म्हणून करी हाउसला हसणे आपल्याकडे सुशिक्षितपणाचे लक्षण मानले जाते. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ मध्येच दाखवून दिले की ‘भारतीय पाककला’ ही अखिल राष्ट्रीय कल्पना स्वातंत्र्योत्तर शहरी मध्यमवर्गाने, मुख्यतः इंग्रजी पाकपुस्तकांतून, अलीकडे रचलेली आहे. जी कसोटीच इतकी तरुण आहे, तिच्यावर सिल्हेटी आचाऱ्याला नापास करणे न्याय्य नाही. त्याने एक पूर्ण पाकपद्धती घडवली. तिला स्वतःचे तंत्र, स्वतःची परिभाषा आणि स्वतःचा गिऱ्हाईकवर्ग होता. नाव तेवढे नव्हते.

गोडवे आणि माणसे

२००१ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचे जाहीर केले. उदारमतवादाचा नमुना म्हणून या भाषणाचा पुष्कळ गौरव झाला. एलिझाबेथ ब्यूटनर यांनी २००८ मधील आपल्या निबंधात त्या गौरवाला इतिहासाची जोड दिली. करी लोकप्रिय होत असतानाच्याच वर्षांत ती रांधणाऱ्या समाजावर हल्ले होत होते, आणि पदार्थाचा स्वीकार म्हणजे माणसाचा स्वीकार नव्हे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. १९७८ मध्ये पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली या तरुण बंगाली कामगाराचा वंशद्वेषातून खून झाला. त्याच्या नावाचे उद्यान ब्रिक लेनपासून जवळच आहे. बीबीसीवरील ‘गुडनेस ग्रेशस मी’ या मालिकेने १९९८ मध्ये करी हाउसमधील इंग्रज टोळक्याचे वर्तन उलटे करून दाखवले, तेव्हा इंग्रज प्रेक्षकही हसला; कारण ते वर्तन त्याने पाहिलेले होते, किंवा केलेले.

स्थलांतरिताच्या स्मरणरंजनात हे काहीच येत नाही. त्याच्या आठवणीत वेटर नेहमी हसतमुख असतो. घर आठवताना माणूस घरातील भांडणे वगळतो, हे मानवी आहे. परंतु येथे वगळलेले भांडण दुसऱ्याच्या अंगावर बेतलेले होते.

ऑस्ट्रेलियाची कथा यापेक्षा उजळ आहे असेही नाही. २००० नंतरच्या दशकात कायम वास्तव्याच्या आशेने हजारो भारतीय विद्यार्थ्यांनी तेथील पाककलेच्या अभ्यासक्रमांत प्रवेश घेतला, कारण आचाऱ्याचा व्यवसाय मागणीच्या यादीत होता. २००९ मध्ये मेलबर्नला भारतीय विद्यार्थ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध निदर्शने झाली. २०१० मध्ये यादी बदलली आणि अर्ध्यावर शिकत असलेल्यांचे हिशेब चुकले. बटर चिकनच्या ताटामागे ही मुले उभी होती. हाज यांचे निरीक्षण, की बहुसंस्कृतिवादाला पदार्थ हवे असतात आणि माणसे नको असतात, येथे तंतोतंत लागू पडते. उमा नारायण यांनी १९९५ च्या आपल्या निबंधात मात्र यास एक उपयुक्त पुस्ती जोडली आहे. परक्या अन्नाची चव घेणाऱ्याच्या नैतिकतेवर सारे लक्ष केंद्रित केले की रांधणाऱ्याच्या उपजीविकेचा विचार सुटतो, असे त्या सुचवतात. उपाहारगृह चालवणाऱ्याला गिऱ्हाइकाचे अज्ञान खटकते, हे खरे. पण गिऱ्हाईक न येणे त्याला त्याहून अधिक खटकते. नारायण यांचा हा व्यवहारी सूर या क्षेत्रातील बऱ्याच लेखनात दुर्मीळ आहे.

चांगले जेवण मिळण्याचे ठिकाण

आता मूळ तक्रारीकडे वळता येईल. ऑस्ट्रेलियात चांगले भारतीय जेवण मिळत नाही, हे विधान २०२१ च्या आकड्यांसमोर टिकत नाही. सिडनीच्या हॅरिस पार्कमधील विग्रम स्ट्रीट, मेलबर्नजवळील डॅन्डेनॉन्गमधील फॉस्टर स्ट्रीट या ठिकाणी चाट, डोसा, बिर्याणी आणि मिठाई यांची रेलचेल आहे. २०२३ च्या मे महिन्यात भारताचे पंतप्रधान सिडनीला गेले असता त्यांनी जाहीर सभेत हॅरिस पार्कच्या चाट आणि जिलबीचा उल्लेख केला होता. तेथील गिऱ्हाईक प्रामुख्याने भारतीयच असल्याने पदार्थयादी इंग्रजाला समजावून सांगण्याच्या भरीस कोणी पडत नाही. करी हाउसमध्ये गिऱ्हाइकाच्या कलाने यादी बेतली होती. येथे गिऱ्हाइकाला यादी शिकावी लागते. ब्रिटिश स्थलांतरिताला अवघडल्यासारखे होते ते बहुधा येथे. चव परकी असण्यापेक्षा आपण यजमानाच्या दृष्टीने महत्त्वाचे गिऱ्हाईक नाही, ही जाणीव त्याला नवी असते.

सिडनीतच, विग्रम स्ट्रीटपासून फार दूर नसलेल्या लकेम्बा उपनगरातील हॉल्डन स्ट्रीटवर बांगलादेशी उपाहारगृहे आहेत. त्यांच्या पाट्यांवर बंगाली अक्षरे आहेत आणि आत भुना, भर्ता, इलिश व भाताची ताटे आहेत. बांगलादेशात जन्मलेल्या आचाऱ्यांना तेथे ‘इंडियन’ म्हणवून घेण्याचे कारण उरलेले नाही, कारण जेवायला येणारे मुख्यतः त्यांचेच देशबांधव आहेत. ज्याला लीड्सची मद्रास करी आठवते, तो बांगलादेशी आचाऱ्याच्या इतक्या जवळ ऑस्ट्रेलियात अन्यत्र क्वचितच येत असेल. तेथे मद्रास मिळत नाही. सिल्हेटी खलाशी गिऱ्हाईक गेल्यावर मागच्या बाजूला बसून जे खात असे, त्याच्या बरेच जवळचे जेवण तेथे पुढच्या टेबलावर वाढले जाते.